खिंडीतली पवनचक्की

“पण यात माझी काय चूक, बुवा?”

रविकिरणने पेढ्यांचा पुडा अजून हातातच धरला होता. निर्मळगिरी बुवा त्याला हात लावायला तयार नव्हते.

त्यांच्या पुढ्यात पंच्यावर गरुड पडला होता. एक पंख अंगाला, दुसरा तुटून शेजारी.

रविकिरण लहानपणी याच मठात शिकला. आता पठारावरच्या चाळीस पवनचक्क्या त्याच्या हाताखाली होत्या. काम चोख म्हणून कंपनीने त्याला बक्षीस दिलं होतं, त्याचे हे पेढे.

“नर हाय,” बुवा म्हणाले. “खिंडीतल्या चक्कीनं कापला. आता मादी एकटी पिल्लाला चारती. रोज सकाळी त्याच खिंडीतनं जाती.”

“मग जरा बाजूने जावं की. आभाळ काय कमी आहे?”

कानाखाली वाजवावी असंच हे बोलणं. बुवांनी दात आवळले.

“पिल्लू पंधरा दिसांत उडंल. तवर ती एक चक्की सकाळची बंद ठेव. दोन तास.”

रविकिरण हसला. “वारा असताना चक्की बंद करता येत नाही, बुवा. तुम्ही आपला मठ सांभाळा. यंत्रातलं तुम्हाला नाही कळायचं.”

“करता येत न्हाई?”

“नाही.”

“कंदीच?”

“कधीच नाही!”

बुवांनी तुटका पंख उचलला आणि पेढ्यांच्या पुड्यावर आदळला. पुडा केवढासा! पंख दोन्ही बाजूंनी लोंबू लागला.

“मंगळवारी चाळीसच्या चाळीस उभ्या हुत्या,” बुवा कडाडले. “वारा चांगला सुटला हुता. मी बघितलंय.”

रविकिरणची नजर खाली गेली.

“त्या दिवशी… मोठ्या साहेबांचं हेलिकॉप्टर उतरायचं होतं.”

“किती येळ?”

“चार तास…”

खिंडीतून पात्यांचा आवाज तेवढा येत होता.

मग कड्यावरून शीळ ऐकू आली. दोघांनी मान वर केली. मादी घरट्यातून उठली होती. एक घिरटी घेऊन ती खिंडीकडे वळली.

“बुवा, मी… कुणाला काय सांगू?”

संतापाने बुवांचे डोळे भरून आले होते.

“फोन लाव! म्हण, साहेब निघाल्यात.”