पडवळाचा दगड

ही गोष्ट पुन्हा सांगायला लावली की सटवाजी करवादतो, पण सांगतो. गाव सुटलं, मुलाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी तो राहायला आला. खाली पाण्याच्या टाकीजवळ भाजीच्या वाफ्यापुरती जागा मागायचा, पण सोसायटीचे चेअरमन टिपणीस देत नव्हते.

एकदा बैठकीला जमलेले सगळे सोसायटीच्या हॉलमध्ये टीव्हीवरची परसबागेची स्पर्धा बघत होते. एकीचं पडवळ वाकडं निघालं.

"दगड बांधायला विसरली," शेजारीण म्हणाली. "वजनानं पडवळ सरळ वाढतं."

"वाकडं असू दे, नंबर तिलाच द्या," सटवाजी म्हणाला. "मातीत हात आहेत तिचे."

टिपणीस हसले. "तुम्हीही वाकडेच. तुम्हालाच दगड बांधायला हवा."

"बांधा साहेब. तीन मजले वर लोंबतोय, वजनानं तरी मातीला टेकेन."

कुणी हसलं नाही. त्याच बैठकीत सगळ्यांनी मिळून त्याला जागा दिली. टिपणीसांनी सटवाजीची माफी मागायची तेवढी राहिली आहे.