समासातले क्रूस

"मग आता ही जुनी पोथी खरवडायला घेऊ ना, फादर?"

पोथ्यांच्या नकला करणाऱ्या तरुण लॅम्बर्टच्या हातात सुरी तयारच होती. डोंगरातल्या त्या मठात कातडी पानांचा नेहमी तुटवडा. जुनी शाई खरवडायची आणि त्याच पानांवर नवं लिहायचं, ही तिथली रीत. लॅटिनमध्ये आपला हात कोणी धरणार नाही, असं लॅम्बर्टला वाटे. खरं सांगायचं तर कोणी धरतही नव्हतं.

औषधांची ती लॅटिन पोथी तीनशे वर्षांची. वर्षभर खपून त्याने तिची नवी प्रत केली होती. उद्यापासून रोग्यांना औषधं तिच्यावरूनच द्यायची होती.

मठातले आजारी सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या फादर ऑडोंनी नवी प्रत चाळली.

"सुरेख... समास अगदी कोरे ठेवलेस."

"जुन्यात नुसती गिचमीड हो! डाग, खरडलेले आकडे. या एका औषधापुढे तर सात क्रूस. भक्ती दाखवायला लोकांना कुठली जागा सापडेल, नेम नाही. सगळं गाळलं."

"या झोपेच्या औषधात अफू किती लिहिलीस?"

"मूळ पाठात आहे तेवढी. गव्हाच्या सहा दाण्यांएवढी."

जुन्या पोथीतलं तेच पान काढून फादरांनी लॅम्बर्टचं बोट पहिल्या क्रुसावर टेकवलं.

"याने सहा दिली... सकाळी रोग्याला मूठमाती दिली, आणि हा क्रूस काढला."

बोट खाली सरकलं.

"याने पाच दिली... याने चार. याने लिहिलं, लेकरांना नको. का लिहिलं, ते हा क्रूस सांगतो."

प्रत्येक क्रुसाची शाई वेगळी, हात वेगळा. तीनशे वर्षं माणसं मरणाच्या उशाशी बसून शिकली होती, आणि शिकलेलं पुढच्यासाठी ठेवून गेली होती. लॅम्बर्टच्या अंगावर सरसरून काटा आला. एवढं मोठं काही त्याने कधी वाचलं नव्हतं. आणि हेच तो खरवडायला निघाला होता.

सातव्या क्रुसाशी लिहिलं होतं, दोन पुरे. त्याखाली समास कोरा होता.

"हा सातवा... कोणाचा?"

"माझा. तुझ्याच वयाचा होतो."

लॅम्बर्टने सुरी खाली ठेवली आणि लेखणी घेतली.

"सगळे उतरवतो, फादर. एकूण एक."

"उतरव... आणि खाली थोडी जागा सोड. तुझ्यासाठी."