शिपायाविना साहेब

जिल्हा रुग्णालयात नव्यानं बदलून आलेल्या देवस्थळी साहेबांनी महिन्याभरात चाळीस चकचकीत पाट्या लावून घेतल्या. प्रत्येक पाटीवर साहेबांचं नाव हातभर आणि बाण मुंगीएवढा. लोक पाटीखालीच उभं राहून रस्ता विचारायचे. मग सफाईवाली सोनाक्का झाडू भिंतीला टेकवून त्यांना पोचवून यायची.

एक दिवस साहेबांनी तिला अडवलं. "काम सोडून भटकतेस? पाटी लावलीय ना! यापुढं कुणाला रस्ता सांगितलास तर घरी बसवीन."

सोनाक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिवस भरलेली एक पोर नुकतीच कळा सोसत दोन जिने उगाच चढून आली होती.

"बरं साहेब. मग तुम्हीच एकदा पाट्या वाचत बाळंतपणाच्या वॉर्डात जाऊन दाखवा. एकट्यानं."

साहेब हसले. एरवी दारं उघडत पुढं चालणाऱ्या शिपायाला त्यांनी मागं ठेवलं आणि ते निघाले.

अर्ध्या तासानं ते घामाघूम होऊन धोबीखान्याच्या दारातून बाहेर पडले. समोर सोनाक्का फरशी पुसत होती.

"अगं, तो वॉर्ड आहे तरी कुठं?"

ती पुसतच राहिली.

"बोल की!"

"कशी बोलू, साहेब? रस्ता सांगितला तर घरी बसवाल." तिनं फडकं पिळलं. "आणि अर्धा तासच तर फिरलात. तुम्हाला निदान कळा तरी येत नव्हत्या."