शेवटचा गुण कुणाचा?

आज आम्ही एका गुणाने सेमीफायनल जिंकली होती. उद्या कबड्डीची फायनल, आणि पहिली चढाई नागेशने करायची की विराजने, यावरून कॉलेजसमोरच्या टपरीवर भांडण जुंपलं होतं. तेवढ्यात संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब आले आणि आमच्या कोचवर, मुल्ला सरांवर गरजले, "माझा पुतण्या विराजच जाईल. नाहीतर उद्यापासून तुम्ही घरी बसा!"

सर शांतपणे म्हणाले, "आज शेवटचा गुण ज्याने आणला, तोच जाईल. नाव तुम्हीच सांगा, साहेब."

"विराज! या डोळ्यांनी पाहिलंय."

"तो गुण नागेशचा, साहेब. तेव्हा स्टेजवर तुमचा सत्कार चालला होता, आणि विराज तुमच्यामागे तुमचा नारळ धरून उभा होता."