काठापासून मोजलेलं पाणी

सांडपाणी प्रकल्पाच्या पायथ्याशी कोंढरे वस्ती आहे. तिथल्या एकुलत्या एक विहिरीला वास येऊ लागला, म्हणून जमिनीखालचं पाणी कुठून कुठे वाहतं ते मोजायला मला एकटीलाच पाठवलं. आठवडाभर बोलायला फक्त पाण्याची पातळी मोजायची माझी बझरवाली टेप होती. पाण्याला टेकली की ती किंचाळायची आणि मी दर वेळी दचकायचे.

शेवटच्या दिवशी प्रकल्पप्रमुख गुंजकर साहेबांनी सगळ्या वस्तीसमोर माझी वही उघडली.

"बघा! विहिरीत पाणी दोन मीटरवर, आमच्या बोअरमध्ये पाच मीटरवर. म्हणजे तुमचंच पाणी उंच, तुमचीच घाण आमच्याकडे येते! मॅडम, तसं लिहा आणि सही करा. विहीर बुजवून टाकू."

 वस्तीतली अनुसयामावशी भरलेली बादली घेऊन नुसती माझ्याकडे बघत होती. 

"साहेब, तुमच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी झाकणाच्या एक मीटर खाली आहे. मावशींची बादली काठोकाठ आहे. मग बादलीतलं पाणी टाकीत चढतं का?"

"काहीतरीच! टाकी किती उंचावर आहे!"

"तुमचा बोअरही विहिरीपेक्षा आठ मीटर उंचावर आहे, साहेब. मी दोन्हीकडे काठापासून खाली मोजलंय."

वस्ती खो खो हसली. वही माझ्या हातात कोंबून साहेब निघून गेले. मी तिच्यात प्रकल्पाकडून विहिरीकडे जाणारा बाण काढला आणि खाली सही केली.

मला स्टँडवर सोडणारी जीपही साहेबांबरोबरच गेली होती. बॅग उचलून मी चालू लागले.

"ए पोरी!"

मी दचकले. मावशी बादली ठेवून सोबतीला येत होती.