गैरहजरांनी हात वर करा

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी ग्रामसभेत मी रडकुंडीला येऊन उभी राहिले. पंचायतीचा भोंगा आमच्या वरच्या वस्तीवर ऐकू येत नाही, म्हणून माझ्या बाळाची लस चुकली होती.

सरपंच म्हणाले, "ऐकू येत नसेल त्यांनी येऊन सांगा, असं मी भोंग्यावरच पुकारलं. एकही जण आला नाही. म्हणजे सगळ्यांना ऐकू येतं!"

माझी नणंद वैजयंता संख्याशास्त्र शिकते, तिला त्यातच नोकरी करायचीय. सरपंच तिला हसले, "काय गं, तुझं शास्त्र काय म्हणतं?"

ती उठून म्हणाली, "जे गैरहजर असतील त्यांनी हात वर करा." एकही हात वर झाला नाही. "लिहा सरपंचकाका, सगळं गाव हजर!"

सभेत हशा पिकला. सरपंचांनी वस्तीवर दुसरा भोंगा मंजूर केला. तो लागेपर्यंत, बायांनो, राहिलेली लस बुधवारी शाळेत आहे, एकमेकींना सांगा.