पाण्याचा उंबरा आणि रायाजीची घोडी

फार फार मागची गोष्ट. इतकी मागची, की तेव्हा डोंगर थोडे अधिक उंच होते आणि माणसं थोडी अधिक हट्टी होती. आता म्हणाल, हट्टी तर आजही आहेत! असतील बापडी. पण त्या काळच्या हट्टाला तोड नव्हती.

अशा एका डोंगराच्या उतारावर दोन वाड्या होत्या. एक आंबेवाडी, दुसरी बोरवाडी. मधून ओढा गेलेला, पण ओढ्याला पाणी पावसाळ्यापुरतं. बाकी वर्षभर दोन्ही वाड्या जगायच्या त्या डोंगराच्या पोटातून येणाऱ्या एका झऱ्यावर.

झऱ्याखाली दगडी कुंड होतं, आणि कुंडाच्या काठावर एक लांबरुंद, घडीव दगड आडवा बसवला होता. कुंड भरलं की पाणी त्या दगडावरून वाहायचं. दगडाच्या मधोमध एक कंगोरा. कंगोऱ्याच्या एका अंगाचं पाणी आंबेवाडीच्या पाटात, दुसऱ्या अंगाचं बोरवाडीच्या पाटात. त्या दगडाला सगळे पाण्याचा उंबरा म्हणत. दगड सपाट बसलेला असेल तर वाटणी सारखी, नाहीतर एकीच्या वांग्यांना पाणी आणि दुसरीच्या डोळ्यांना. तुम्हीच सांगा, असा दगड बसवायला माणूस कसा हवा?

तो रायाजी गवंड्याने बसवला होता. रायाजी म्हणजे काय असामी! त्याने बांधलेल्या भिंतीला भेग शोधून दाखवावी, आणि त्याने घडवलेल्या पायरीवर ठेच लागून दाखवावी. तो सूत धरत नसे, माप घेत नसे. एक डोळा मिटायचा, एक उघडा ठेवायचा, आणि म्हणायचा, "बसला!" बसला म्हणजे बसला. पंचक्रोशीतले गवंडी आपलं काम त्याला दाखवायला आणायचे आणि तो मान हलवेपर्यंत श्वास रोखून उभे राहायचे. बरं, स्वारी काही नम्रबिम्र नव्हती हो. मिशीला पीळ देत म्हणायचा, "देवाने डोळे सगळ्यांना दिले, नजर मात्र मोजून दिली."

जुना उंबरा झिजून फुटला, तेव्हा दोन्ही वाड्यांनी एकमुखाने रायाजीलाच बोलावलं. त्याने नवा दगड घडवला, बसवला, "बसला!" म्हणाला. सगळे खूश झाले.

आणि मग उन्हाळा लागला. झरा बारीक झाला, दगडावरून जाणारं पाणी पातळ झालं, आणि बोरवाडीच्या पाटाच्या टोकाची शेतं कोरडी राहायला लागली. वांगी माना टाकू लागली. बोरवाडीत कोंडाई नावाची म्हातारी होती. सगळी वाडी तिच्या शब्दाबाहेर जात नसे. ती कुंडावर आली, उंबऱ्यापाशी बसली, पाण्याकडे बघत राहिली आणि उठून सरळ रायाजीच्या दारात गेली.

"रायाजी, तुझा दगड कललाय. आंबेवाडीकडे."

रायाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण असं, की रायाजी स्वतः आंबेवाडीचा. म्हणजे म्हातारी नुसती चूक दाखवत नव्हती, बेइमानी चिकटवत होती.

"कोंडाई, माझी नजर आजवर चुकली नाही!"

"मग माझी वांगी खोटं बोलतायत होय?" म्हातारी म्हणाली. "आमची पोरं पहारी घेऊन तयार बसलीयत. येत्या बाजारानंतर ती उंबरा फोडणार. मी त्यांना कुठवर धरू?"

उंबरा फोडणार! त्याचा अर्थ रायाजीला चांगला ठाऊक होता. दगड गेला की कुंडाचा काठ जाणार, आणि झऱ्याचं सगळं पाणी ओढ्याच्या खडकांत पडून वाया जाणार. ना आंबेवाडीला, ना बोरवाडीला. भर उन्हाळ्यात दोन्ही वाड्यांना घरदार गुंडाळून डोंगर उतरावा लागला असता. आणि हे सगळं कुणाच्या दगडापायी? रायाजीच्या.

"थांबव त्यांना," तो म्हणाला. "दगड सरळ आहे हे तुमच्या डोळ्यांनी तुम्हाला दाखवतो. नाही दाखवलं, तर रायाजी नाव लावणार नाही."

बोलून तर बसला. पण दाखवायचं कसं? नजर काही खुंटीवरून काढून दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. असं काहीतरी साधन हवं होतं, की जे कुणीही ठेवावं आणि कुणीही बघावं.

पहिल्यांदा त्याने परात आणली. उंबऱ्यावर ठेवली, काठोकाठ पाणी भरलं. पाणी तर खोटं बोलत नाही ना? पण डोंगरावरचा वारा कसला ऐकतो! परातीत लाटा उठल्या, एकदा इकडून सांडलं, एकदा तिकडून. वारा पडायची वाट बघत रायाजी जरा झाडाखाली टेकला, तर तेवढ्यात गवळ्याचं वासरू आलं आणि सगळी परात पिऊन गेलं. वर पुन्हा रायाजीचा हात चाटून गेलं.

दुसरा असता तर त्याने हात टेकले असते. पण हा पडला इरेचा माणूस. तो विचार करायला लागला. पाणी हलतं, मग न हलणारं काय? खाली ओढलं जाणारं ओझं! दोरीला बांधलेला दगड कुठेही टांगा, तो सरळ खालीच बघतो. ओळंबा तर प्रत्येक गवंड्याकडे असतो, भिंत उभी आहे की नाही ते बघायला. मग त्याच ओळंब्याला आडवं का नाही बघायला लावायचं?

त्याने सागाच्या दोन सारख्या पट्ट्या घेतल्या, वरची टोकं खिळ्याने जोडली, खालची फाकवली आणि मध्ये एक आडवी पट्टी ठोकली. वरच्या टोकातून दोरी सोडली, खाली गोटा बांधला. दोन्ही पाय सारख्या पातळीवर असले की दोरी आडव्या पट्टीच्या एका ठरावीक जागेवरून जाणार. एक पाय खाली गेला, की दोरी त्या पायाकडे सरकणार. काय डोकं चाललं बघा! साधी तीन लाकडं आणि एक दोरी.

पण गोटा वाऱ्यावर हेलकावे खाई. काथ्याची दोरी पीळ सोडत गरागरा फिरे. रायाजीने कोनाड्यातून लहानपणीचा आपला शिसवी भोवरा काढला. जड, गुळगुळीत, खाली लोखंडी आर. तो टांगला तर पठ्ठ्या क्षणात स्थिर उभा राहिला. दोरीच्या जागी ठकूबाईच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, जुन्या लुगड्याच्या काठातला रेशमी धागा आला. ठकूबाई म्हणाली, "तेवढं लुगडं तरी सोडायचं होतं!" पण धागा तिनेच उसवून दिला.

आता राहिली खूण. आडव्या पट्टीवर रेघ कुठे मारायची? रायाजीने घोडी, हो, तो त्या साधनाला घोडीच म्हणू लागला होता, घराच्या ओट्यावर ठेवली. ओटा त्याने स्वतः बांधलेला, स्वतःच्या नजरेने. त्याहून सपाट जागा जगात कुठे असणार? धागा जिथे स्थिरावला तिथे त्याने पटाशीने रेघ मारली, आणि त्याची छाती फुगली.

दुसऱ्या सकाळी कुंडावर दोन्ही वाड्या जमल्या. रायाजीने घोडी उंबऱ्यावर ठेवली. भोवरा डुलला, थांबला, आणि धागा बरोब्बर रेघेवर! आंबेवाडीकरांनी टाळ्या पिटल्या. रायाजीने मिशीला पीळ दिला.

कोंडाई पुढे आली. तिने धाग्याकडे बघितलं, मग बोरवाडीच्या अंगाला गळणाऱ्या पाण्याच्या बारीक धारेकडे बघितलं.

"रायाजी," ती शांतपणे म्हणाली, "तुझी घोडी तुझ्याच तोंडाने बोलतेय."

आणि बोरवाडीची माणसं एक शब्द न बोलता निघून गेली. भांडली असती तर परवडलं असतं. बाजार आता तोंडावर आला होता.

रायाजी घरी आला तो धुसफुसतच. घोडी ओट्यावर आदळली आणि भिंतीकडे तोंड करून बसला. ठकूबाई ताक घुसळत होती. तिने हात पुसले, आडवी पडलेली घोडी उचलली आणि उभी करून ठेवली. ठेवली ती नेमकी उलट्या बाजूने, डाव्या पायाच्या जागी उजवा पाय.

"अहो, हा धागा बघा. रेघ सोडून हा भलतीकडेच गेलाय."

"उलटी ठेवलीस ती!" रायाजी खेकसला.

"तिचे दोन्ही पाय सारखेच की. त्यात उलटं कुठलं नि सुलटं कुठलं?"

रायाजी उठला. घोडी सुलट ठेवली, धागा रेघेवर. फिरवली, धागा रेघेबाहेर. पुन्हा सुलट, पुन्हा फिरवून. जागा तीच, ओटा तोच, घोडी तीच. मग बोलणं दोन कसं?

"तसंही," ठकूबाई ताकाकडे वळत म्हणाली, "या ओट्यावर ताक सांडलं की ते नेहमी न्हाणीकडेच धावतं. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम तसा बांधलाय. धुवायला सोपा जातो."

रायाजीने ओट्यावर ताकाचे चार थेंब सांडले, तर ते खरंच न्हाणीकडे धावले. त्याला सगळं लख्ख कळलं. जन्म उतारावर गेला, घर उतारावर, वाट उतारावर. त्याची नजर डोंगराबरोबर जवभर कलली होती, आणि कललेल्या नजरेने त्याने ओटाही कललेला बांधला, उंबराही कललेलाच बसवला. मग त्या ओट्यावर रेघ मारून घोडीलाही तेच शिकवलं. कोंडाई अक्षरन्‌अक्षर खरं बोलली होती.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ठकूबाईने त्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं. ती जवळ बसली.

पण रायाजी हा रायाजी होता! डोळे पुसून त्याने पटाशी उचलली. घोडी फिरवून ठेवली असता धागा जिथे गेला होता, तिथे दुसरी रेघ मारली. एक रेघ इकडची, एक तिकडची. दोन्ही ओट्याच्या कलाने खोट्या. मग खरी कुठे? दोघींच्या बरोब्बर मध्ये! तिथे त्याने तिसरी रेघ खोल कोरली. मग घोडीच्या एका पायाखाली दगडाची पातळ कपची सरकवत नेली, धागा मधल्या रेघेवर येईपर्यंत. आता घोडी अशी ठेवा, नाहीतर फिरवून ठेवा, धागा त्याच रेघेवर. रायाजी लहान पोरासारखा हसला.

"आता गुपचूप जाऊन उंबरा नीट करून या," ठकूबाई म्हणाली. "पाणी सारखं झालं की भांडण मिटेल. तुमचं नावही राहील."

मोह कुणाला होत नाही? रायाजीने घोडीच्या मधल्या रेघेवरून बोट फिरवलं.

"दगड सरळ होईल गं," तो शेवटी म्हणाला. "पण बोरवाडीच्या मनात घोडी खोटीच राहील. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पहारी निघतील. माझं नाव राहून काय करायचंय, पाणी राहायला हवं."

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, बोरवाडीची पोरं पहारी खांद्यावर टाकून आली, तेव्हा रायाजी उंबऱ्यापाशी घोडी घेऊन उभाच होता. आंबेवाडीही धावत आली.

"आधी ऐका, मग फोडायचं तर खुशाल फोडा," तो म्हणाला. "कोंडाईचं खरं होतं. दगड माझा चुकला, आणि घोडीची रेघही चुकली."

त्याने घोडी ठेवली. धागा मधली रेघ सोडून आंबेवाडीकडे गेला.

"रायाजी! घरचा असून आमचा घात करतोस?" आंबेवाडीचा पाटील ओरडला.

"पाटील, माझ्यावर विश्वास ठेवूच नका. तुमच्या हाताने फिरवून ठेवा."

पाटलाने तावातावाने घोडी फिरवली. धागा पुन्हा आंबेवाडीकडेच, तेवढाच. पाटलाने आणखी एकदा फिरवली, मग डोकं खाजवत मागे सरला. घोडी कुणाचीच नव्हती, हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

रायाजीने बोरवाडीच्या पोरांकडे बघितलं. "आणल्याच आहेत पहारी, तर फोडायला कशाला? उचलायला लावा!"

झऱ्याचं पाणी घटकाभर बाजूला वळवलं, मग पोरांनी पहारी दगडाखाली घातल्या. रायाजीने आंबेवाडीच्या अंगाखाली कपच्या सारल्या, चुना भरला. घोडी ठेवली, धागा रेघेवर आला. मग ती त्याने कोंडाईच्या हातात दिली. म्हातारीने ती फिरवून ठेवली. सगळ्या डोंगराने श्वास धरला होता. भोवरा डुलला, थांबला, आणि धागा रेघेवरून ढळला नाही.

पाणी सोडलं. दोन्ही अंगांना दोन घागरी लावल्या, आणि दोन्ही घागरी एकाच वेळी भरून वाहिल्या.

कोंडाईने पदराने डोळे टिपले. "मी तुला नाही नाही ते बोलले, रायाजी."

"बोललीस म्हणून तर ही घोडी शहाणी झाली, आई."

त्या दिवसापासून रायाजी एक डोळा मिटून "बसला!" म्हणेनासा झाला. वाटलं होतं, आता कोण बोलावणार या गवंड्याला? पण पहिलं बोलावणं आलं ते बोरवाडीतूनच. कोंडाईच्या नातवाच्या नव्या घराचा पाया घालायचा होता. "ज्याने आपली चूक आमच्या हातांनी तपासून दिली," म्हातारी म्हणाली, "त्याच्याच हातचा पाया आमच्या घराला हवा."

त्या मुलखात तेव्हापासून रीतच पडली. गवंडी कामाला लागताना आधी घोडी ठेवतो, मग घरधन्याच्या हातात देतो आणि म्हणतो, "फिरवून ठेवा." धागा दोन्ही वेळा रेघेवर आला, तरच पहिला दगड बसतो.

तर बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, एवढं पक्कं ध्यानात ठेवा: दुसऱ्याचं वाकडं दाखवायचा अधिकार त्यालाच, जो आधी स्वतःला सगळ्यांसमोर फिरवून तपासू देतो.